अवलंबित्वहानी (वृद्ध मातापित्यांची)

दुसऱ्याच्या चुकीमुळे कमावता मुलगा किंवा मुलगी दगावल्यास, त्या मिळकतीतून आईवडिलांना पुढे जो आधार मिळाला असता त्याची पैशातील भरपाई. भारतात ही संकल्पना मुख्यतः मोटार अपघात दाव्यांच्या निवाड्यांतून घडली.

इंग्लिश कॉमन लॉनुसार माणसाच्या मृत्यूबद्दल दिवाणी दावा चालत नसे. हा नियम सहसा बेकर वि. बोल्टन (१८०८) या खटल्यापर्यंत नेतात. गंभीर गुन्ह्यात दिवाणी हक्क विलीन होतो, म्हणजे त्याबद्दल वेगळा दिवाणी दावा उरत नाही, या त्याहून जुन्या तत्त्वात त्याचे मूळ असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. रेल्वेचे अपघात वाढल्यावर १८४६ च्या कायद्याने पतिपत्नी व मुलांबरोबर आईवडिलांनाही भरपाईचा हक्क मिळाला. भारतात तसा कायदा १८५५ मध्ये झाला. मुलाने पोसावे असा कायदेशीर हक्क सिद्ध करण्याची गरज नाही, लाभाची वाजवी अपेक्षा पुरते, हे फ्रँकलिन खटल्यात (१८५८) ठरले. त्यातील वडील वृद्ध व अशक्त होते आणि मुलगा त्यांच्या कामात हातभार लावी.

खरा वाद गुणकाचा. मृताच्या वार्षिक उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निवाड्याने (२००९) अविवाहिताच्या बाबतीत ही वजावट साधारणपणे निम्मी ठरवली. पण वय कोणाचे धरायचे? समजा, मुलगा २७ वर्षांचा, आई ६२ ची आणि पगार महिना २०,००० रुपये. भावी वाढ बाजूला ठेवली, तर वर्षाचे १,२०,००० रुपये उरतात. मुलाच्या वयाचा गुणक १७ धरल्यास २०,४०,००० रुपये, आईच्या वयाचा ७ धरल्यास ८,४०,००० रुपये. रमेश सिंग प्रकरणात (२००८) दोघांपैकी अधिक वय धरले गेले. मुन्नालाल जैन (२०१५) व प्रणय सेठी (२०१७, घटनापीठ) या निवाड्यांनी मृताचे वय हाच आधार मानला आणि २०१९ मध्ये तो पुन्हा उचलून धरला गेला. आधार आईच्या हयातीपुरताच मिळणार होता, हा जुन्या मताचा युक्तिवाद तर्काला धरून आहे. तथापि सर्व न्यायाधिकरणांत एकच माप लागावे या दृष्टीने आजचा नियम सोयीचा.

सरला वर्मा निवाड्यानुसार वडिलांना स्वतःचे उत्पन्न असावे असे गृहीत धरतात. त्यामुळे विरुद्ध पुरावा नसेल तर अवलंबित म्हणून एकटी आईच गणली जाते. थकलेल्या शेतमजूर बापाला हे गृहीतक जाचक ठरते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमात (१९२३) विधवा आईला अवलंबित्व सिद्ध करावे लागत नसे, वडिलांना मात्र लागे.

अपत्याच्या सहवासाला मुकल्याबद्दलची भरपाई हा वेगळा भाग असून २०१८ च्या मॅग्मा निवाड्याने त्याला मान्यता दिली.