साखरेचे रेशन आणि आयुष्याचे पहिले हजार दिवस

५ फेब्रुवारी १९५३ रोजी ब्रिटनमध्ये गोळ्या-चॉकलेटांवरचे रेशन उठले आणि शाळकरी मुलांनी मिठाईच्या दुकानांसमोर रांगा लावल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन भरात, जुलै १९४२ मध्ये, हे रेशन सुरू झाले होते. मधे एप्रिल १९४९ मध्ये ते एकदा उठवूनही पाहिले, पण मागणी अशी उसळली की चारच महिन्यांत ते पुन्हा लावावे लागले. साखरेवरचे रेशन त्याहून जुने, म्हणजे जानेवारी १९४० पासूनचे होते आणि ते संपायला सप्टेंबर १९५३ उजाडला. आठवड्याला माणशी साधारण सव्वादोनशे ग्रॅम साखर मिळे. हे प्रमाण काळानुसार थोडे कमी-जास्त होई. रेशनकार्डावर मोजून मिळणाऱ्या साखरेत सणवार साजरे केलेल्या आपल्याकडच्या जुन्या पिढीला या हिशेबाची कल्पना सहज येईल.

रेशन उठल्यावर वर्षभरातच प्रौढ माणसाचे साखरेचे सरासरी सेवन दिवसाला सुमारे ४१ ग्रॅमवरून सुमारे ८० ग्रॅमवर गेले, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाले. त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही, पण इतिहासाने येथे नकळत एक मोठा प्रयोग मांडून ठेवला होता.

साखरेचा आरोग्यावर होणारा दीर्घकालीन परिणाम मोजणे एरवी फार अवघड असते. माणसांच्या एका गटाला वीस-तीस वर्षे भरपूर साखर खायला घालायची, दुसऱ्याला जवळजवळ द्यायचीच नाही आणि मग कोण आजारी पडते ते पाहायचे, असा प्रयोग कोणालाही करता येणार नाही आणि करूही नये. नुसते निरीक्षण करावे, तर जास्त साखर खाणारी माणसे आणि कमी खाणारी माणसे उत्पन्न, शिक्षण, व्यायाम, धूम्रपान अशा कितीतरी बाबतींत एकमेकांपेक्षा वेगळी असतात, त्यामुळे आजाराचे माप नेमके कोणाच्या पदरात घालायचे हे कळत नाही. ब्रिटनमधल्या रेशनने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. १९५२ साली जन्मलेले मूल आणि १९५५ साली जन्मलेले मूल एकाच गल्लीतले, एकाच आर्थिक स्तरातल्या घरांतले असू शकते. मात्र पहिले मूल आईच्या पोटात असताना आणि रांगत असताना घरात साखर मोजूनमापून येत होती, तर दुसऱ्याच्या वेळी ती हवी तेवढी मिळत होती. हा फरक पालकांच्या आवडीनिवडीमुळे पडला नव्हता, सरकारी आदेशाच्या तारखेमुळे पडला होता. इतर खाद्यपदार्थांवरची बंधनेही याच सुमारास उठत होती, पण ती वेगवेगळ्या वेळी. पावावरचे रेशन १९४८ मध्येच संपले होते, चहावरचे ऑक्टोबर १९५२ मध्ये संपले आणि मांसावरचे जुलै १९५४ पर्यंत राहिले. त्यामुळे साखरेचा परिणाम वेगळा काढून पाहणे शक्य होते.

तादेया ग्राक्नर, क्लेअर बून आणि पॉल गर्टलर या अभ्यासकांनी ते काम केले आणि २०२४ च्या अखेरीस ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. ऑक्टोबर १९५१ ते मार्च १९५६ या काळात जन्मलेल्या सुमारे ६०,००० माणसांची आरोग्यविषयक माहिती ‘यूके बायोबँक’ या संग्रहात उपलब्ध होती. ती माणसे आता साठी ओलांडून गेलेली होती. गर्भात आल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या साधारण हजार दिवसांत ज्यांच्या वाट्याला रेशनची साखर आली, त्यांच्यात टाईप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. ज्यांना हे आजार झाले, त्यांनाही ते उशिरा झाले: मधुमेह सरासरी चार वर्षांनी आणि रक्तदाब दोन वर्षांनी. आजार चार वर्षे लांबणे म्हणजे डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा चार वर्षे अधिक शाबूत राहणे, हे मधुमेही माणूस घरात असलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

मला या अभ्यासातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग वेगळाच वाटतो. या एकूण संरक्षणापैकी सुमारे एक तृतीयांश भाग केवळ गर्भावस्थेतल्या रेशनमुळे मिळालेला होता, आणि सहाव्या महिन्यानंतर, म्हणजे बाळ वरचे अन्न खाऊ लागण्याच्या सुमारास, तो परिणाम आणखी ठळक होत गेलेला होता. साखर परवडते की नाही, गोड आवडते की नाही, हे ठरवण्याच्या कितीतरी आधी शरीराचा काही हिशेब होऊन गेलेला असतो.

या आकड्यांकडे सावधपणेही पाहिले पाहिजे. त्या काळात कोणत्या आईने किती साखर खाल्ली, याची व्यक्तिगत नोंद कोठेही नाही. माहीत आहे ती जन्मतारीख आणि त्या वेळचे रेशन. बायोबँकेत स्वेच्छेने सहभागी होणारी माणसे सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा काहीशी निरोगी असतात. त्यामुळे ३५ हा आकडा दगडावरची रेघ मानू नये. त्यातून दिसणारी दिशा मात्र शरीरशास्त्राला आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींशी जुळते.

आपली नेहमीची साखर म्हणजे सुक्रोज. लहान आतड्यात तिचे दोन तुकडे होतात, एक ग्लुकोज आणि दुसरा फ्रुक्टोज. ग्लुकोज रक्तातून सर्व पेशींपर्यंत जाते आणि ते पेशींत शिरावे म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. फ्रुक्टोजची वाट बहुतांशी यकृताकडे जाते, आणि ते वारंवार, मोठ्या प्रमाणात येऊ लागले की यकृत त्याची चरबी करू लागते. गरोदरपणात यात आणखी एक गोष्ट घडते. आईच्या रक्तातले ग्लुकोज वारेतून बाळाकडे जाते, पण आईचे इन्सुलिन जात नाही. म्हणून आईची साखर वाढली की बाळाच्या इवल्याशा स्वादुपिंडाला स्वतःचे जास्तीचे इन्सुलिन तयार करावे लागते आणि हे इन्सुलिन बाळाच्या अंगात चरबी साठवत राहते. डेन्मार्कचे यॉर्गेन पेडरसन यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभीच ही कल्पना मांडली होती. जन्मानंतर चवीचा प्रश्न येतो. गोडाची ओढ बाळ जन्मतःच घेऊन येते. भाजीची, डाळीची, किंचित कडवट चवीची ओळख मात्र त्याला पुनःपुन्हा चाखूनच होते. त्या ओळखीच्या महिन्यांत प्रत्येक घासात साखर असेल, तर साधे वरण पुढे बेचव लागणार.

येथे गोष्ट इंग्लंडमधून पुण्याकडे वळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा गरोदर होण्याआधीपासून अभ्यास सुरू केला. या कष्टकरी, शेतकरी कुटुंबांतल्या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते आणि त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, त्याच वेळी तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरातल्या बाळांचे ते ३.५ किलो होते. भारतीय बाळे सगळीच मापे कमी घेऊन जन्मली होती, पण स्नायू आणि पोटातले अवयव जितके कमी होते, तितकी त्वचेखालची चरबी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत आणि आतून मेदयुक्त अशा या बाळांचे वर्णन पुढे जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात रुजले. हीच मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा बहुतेक सडपातळच होती, तरी त्यांच्यातल्या एक तृतीयांशाहून अधिक मुलग्यांमध्ये मधुमेहपूर्व अवस्था आढळली.

या मुलांनी लहानपणी फार साखर खाल्ली, असे कोणी म्हणत नाही. त्यांच्या बाबतीत गर्भातच पोषण अपुरे होते आणि त्यामुळे इन्सुलिन तयार करण्याची शरीराची क्षमता मुळातच बेताची राहिली. ब्रिटनच्या आणि पुण्याच्या निष्कर्षांची सांगड घालताना म्हणूनच घाई करू नये. दोन्हींतून हाती लागते ते असे की, जन्माच्या आगेमागे शरीराची जी घडण होते ती आयुष्यभर सोबत करते, आणि ज्या समाजात ती घडण आधीच नाजूक आहे, त्या समाजाला साखरेचा भार अधिक जड जातो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या मधुमेहविषयक देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ‘बारीक आहे, त्याला काय होतंय साखरेनं’ हे आपल्या घरांत सर्रास ऐकू येणारे वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे: वरून घातलेली साखर, तसेच मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत असावी. प्रौढ माणसासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, चहाचे पाच-सहा चमचे. दोन-दोन चमचे साखरेचे दोन कप चहा घेतले की त्यातला मोठा वाटा संपतो. ३०० मिलिलिटर कोलात तर ३० ग्रॅमच्या वर साखर असते. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर या हिशेबात धरत नाहीत. गूळ मात्र धरावाच लागतो. गुळात थोडे लोह आणि इतर खनिजे असतात हे खरे, पण त्याचा बहुतेक भाग सुक्रोजच असतो, त्यामुळे ‘साखर बंद केली, आता गूळच वापरतो’ या बदलाने स्वादुपिंडाला फारसा दिलासा मिळत नाही.

दोन वर्षांखालच्या मुलांना गोड पेये आणि जादा साखरेचे पदार्थ देऊच नयेत, असे हीच संघटना सांगते. आपल्याकडे बाळ जन्मले की मधाचे बोट चाटवतात, कोठे साखरेचे पाणी देतात. या प्रथांमागे माया आहे, यात शंकाच नाही. पण मधात बोट्युलिझम ही स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा घडवणाऱ्या जिवाणूंची बीजाणुरूपे असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाचे आतडे त्यांना रोखू शकत नाही, म्हणून पहिल्या वर्षात मध पूर्णपणे टाळायचा असतो. उष्टावणाच्या खिरीचा एक चमचा हा काही प्रश्न नाही. प्रश्न त्यानंतर रोज दुधात पडणाऱ्या साखरेचा, चहात बुडवलेल्या बिस्किटाचा आणि रडणे थांबवण्यासाठी हातात दिलेल्या रसाच्या डब्याचा आहे. दुधाचे दात किडायला सुरुवात होते तीही येथूनच, कारण तोंडातले जिवाणू साखरेचे आम्ल करतात आणि दिवसातून जितक्या वेळा साखर तोंडात जाते, तितक्या वेळा दातांवर आम्लाचा मारा होतो.

सगळी जबाबदारी आईवर टाकून मोकळे होणे मात्र मला अन्यायाचे वाटते. ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिले की, एका बहुराष्ट्रीय कंपनीचे भारतात विकले जाणारे शिशुआहार साखर घालून विकले जात होते, तर तशीच उत्पादने युरोपातल्या काही बाजारपेठांत साखरेविना मिळत होती. आई डब्यावरचे चित्र पाहून विश्वासाने ते अन्न भरवत होती. ब्रिटनने २०१८ पासून गोड पेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही, ५ ते ८ ग्रॅमला एक दर आणि त्यावर चढा दर. परिणामी कर वाचवण्यासाठी अनेक कंपन्यांनी पेयांतली साखरच कमी केली आणि ग्राहकाने काही न करताही त्याच्या पोटात जाणारी साखर घटली. भारतातही अशा पेयांवर जबर कर आहे, पण तो साखरेच्या प्रमाणाशी बांधलेला नाही. बाटलीत १०० मिलिलिटरला ११ ग्रॅम साखर घाला की ४ ग्रॅम, करात फरक पडत नाही, त्यामुळे ती कमी करण्याचे उत्पादकाला कारणही उरत नाही.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांत जन्मलेल्या मुली आता तिशीत आहेत. त्या किशोरवयीन असताना, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गरोदरपणाच्या कितीतरी आधी, संशोधकांनी त्यांना बी-१२ जीवनसत्त्व आणि इतर सूक्ष्मपोषके द्यायला सुरुवात केली होती, आणि पुढे त्यांच्या बाळांचीही मापे घेतली.