काजव्यांचे फोटो काढायला फुल फ्रेमच हवा का?

मे महिना सरत आला की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे काजवे पाहायला जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. कॅमेरा बाळगणाऱ्यांत त्याच सुमारास एक प्रश्न हमखास निघतो: प्रकाश टिपणारा सेन्सर लहान असलेल्या क्रॉप कॅमेऱ्यावर काजवे नीट येतील, की मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेमच घ्यावा लागेल? ‘अंधारात फुल फ्रेमला पर्याय नाही’ हे उत्तर तयारच असतं. ते ऐकून अनेक जण नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेतात आणि तिच्यावर सोबत आलेली साधी झूम लेन्स लावून जंगलात जातात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण एवढा खर्च करूनही त्यांच्या कॅमेऱ्यात पूर्वीपेक्षा फारसा जास्त प्रकाश शिरत नाही.

फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा. हे माप फिल्मच्या काळातलं; १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ते रूढ केलं. निकॉन, सोनी, फुजी यांचे क्रॉप सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचे असतात, कॅननचे त्याहून किंचित लहान. क्षेत्रफळ काढलं तर ८६४ विरुद्ध ३६७ चौरस मिलिमीटर, म्हणजे जवळपास २.३५ पट. फोटोग्राफीच्या हिशेबात हा फरक सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). फुल फ्रेमचा फायदा म्हणतात तो हाच, आणि तो खरा आहे. पण तो कधी पदरात पडतो, हे समजायला नॉइज, म्हणजे फोटोतला खरखरीतपणा, कुठून येतो ते पाहावं लागतं.

आयएसओ (कॅमेऱ्यातली फोटो उजळ करणारी सेटिंग) वाढवला की फोटोत दाणे येतात, म्हणून आपण आयएसओला दोष देतो. खरं कारण प्रकाशाच्या स्वभावातच आहे. प्रकाश फोटॉनच्या रूपात सुटा सुटा येतो आणि त्याच्या येण्याला ठरावीक लय नसते. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन पडायचे असतील, तर प्रत्यक्षात कधी ९१ पडतात, कधी १०८. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. शंभराला दहा, म्हणजे १० टक्के. तेच १०,००० फोटॉन मिळाले तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. अंधारातल्या फोटोत आकाश किंवा झाडाची सावली खरखरीत दिसते ती यामुळे. आजचे सेन्सर स्वतःहून फार कमी नॉइज घालतात. मुख्य अडचण फोटॉनच कमी मिळतात ही असते.

मग फोटॉन किती मिळणार, हे कशावर ठरतं? दृश्याची चौकट तीच आणि शटरचा वेळ तोच असेल, तर ते ठरतं लेन्सच्या उघड्या तोंडाच्या व्यासावर. लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या फोकल लेंग्थला तिच्या एफ आकड्याने भागलं की हा व्यास मिळतो. क्रॉप कॅमेऱ्यावर १६ मिलिमीटर एफ/१.४ लेन्स लावली तर तो ११.४ मिलिमीटर येतो. फुल फ्रेमवर तेवढंच दृश्य टिपायला २४ मिलिमीटर लागते. तिथे एफ/४ ची झूम असेल तर २४ भागिले ४, म्हणजे ६ मिलिमीटर. व्यासाचा वर्ग करून तुलना केली तर क्रॉपवाला साडेतीन पटीहून जास्त प्रकाश गोळा करतोय! फुल फ्रेमवर २४ मिलिमीटर एफ/१.४ लावली, तर मात्र व्यास १७ च्या पुढे जातो आणि बाजी पलटते. लेन्सही तशीच घेतली तरच मोठ्या सेन्सरचे पैसे वसूल होतात.

काजव्यांच्या बाबतीत तर हे फारच ठळकपणे दिसतं. काजवा क्षणभर चमकतो आणि विझतो. शटर १० सेकंद उघडं ठेवा नाहीतर ३० सेकंद, त्या एका चमकेचा प्रकाश तेवढाच राहणार. वेळ वाढवल्याने चौकटीत जास्त चमका जमतात, पण प्रत्येक ठिपका होता तेवढाच उजळ राहतो. उलट दूरच्या गावातल्या दिव्यांनी उजळलेलं आकाश मात्र सेकंदागणिक पांढुरकं होत जातं आणि ठिपके त्यात बुडतात. म्हणून जाणकार ट्रायपॉडवर थोड्या थोड्या सेकंदांचे बरेच फोटो घेतात आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवून प्रत्येक जागचा सर्वांत उजळ ठिपका राखतात. ठिपका ठसठशीत यायला लेन्सचं तोंडच मोठं लागतं. आणि कॅमेऱ्याचा फोकससाठी लागणारा लाल दिवा, मोबाइलची टॉर्च, गाडीचे हेडलाइट हे सगळं बंद ठेवा. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना प्रकाशानेच शोधतात, आणि आपल्या उजेडात त्यांचा इशारा हरवतो.

आकाशगंगेचा फोटो काढताना क्रॉपवाल्याला आणखी एक सवलत आहे. आकाश पळून जात नाही. एकाच भागाचे १६ फोटो घेऊन तारे जुळवून सरासरी काढली की नॉइज पाव होतो. सारख्याच एफ आकड्यावर फुल फ्रेमने घेतलेल्या एका फोटोची बरोबरी करायला तर ढोबळमानाने तीन फोटो पुरतात.

नाटकाच्या प्रयोगात मात्र सरासरी काढायची सोय नाही. नट हालतोय, फ्लॅश चालत नाही, शटर १/२०० च्या खाली नेलं की हात धूसर येतो. इथे फुल फ्रेम आणि एफ/१.४ ची जोडी खरोखर कामाला येते, पण एका नटाच्या चेहऱ्यापुरतीच. दोन पात्रं पुढेमागे उभी असतील आणि दोघंही स्पष्ट हवी असतील, तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, एफ/२.८ पर्यंत आवळावंच लागतं. क्रॉपवर एफ/१.८ ला तेवढीच डेप्थ ऑफ फील्ड (पुढेमागे स्पष्ट दिसणारा पट्टा) मिळते आणि प्रकाशही जवळपास तेवढाच. २०१३ मध्ये सिग्माने क्रॉप कॅमेऱ्यांसाठी १८–३५ मिलिमीटर एफ/१.८ झूम आणली, ती अशा कामात फुल फ्रेमवरच्या एफ/२.८ झूमच्या तोडीस तोड उतरते.

लग्नाची कामं घेणाऱ्याचं गणित वेगळं. हॉलमधला पिवळा उजेड, धावपळ, एकट्या नवरीचे फोटो, आणि दिवसभर यातलं काहीच थांबत नाही. त्याने फुल फ्रेम जरूर घ्यावा. फक्त बजेट मांडताना बॉडीच्या किमतीशेजारी एफ/१.४ किंवा एफ/१.८ च्या निदान दोन लेन्सची किंमत आधीच लिहावी. ती बेरीज परवडत नसेल, तर हातातल्या क्रॉप बॉडीवर यंदा एक चांगली प्राइम (झूम नसलेली) लेन्स घ्यावी.