पार्श्वभूमी : सेवानियमांतून गेलेली, बढतीच्या वाटेवर उरलेली अट

मुंबईतील बँका आणि उद्योगसमूहांच्या मुख्यालयांत वरिष्ठ पदावरील स्त्रीने निर्णय कठोरपणे घ्यावेत पण बोलणे मवाळ ठेवावे, उशिराच्या बैठकीला थांबावे पण घरचेही तिनेच पाहावे, अशी अपेक्षा आजही असते. आता ती कुठे लिहिलेली नसते; एके काळी मात्र तिचे मूळ गृहीतक सेवानियमांतच छापलेले होते.

मुंबईतील एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात लग्न होताच स्त्रीची नोकरी संपत असे. विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात, हा कंपनीचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये फेटाळला. तेव्हा मुंबईतच मुख्यालय असलेल्या एअर इंडियात हवाई सुंदरीने पहिल्या चार वर्षांत लग्न केले, ती गरोदर राहिली किंवा पस्तिशीला पोहोचली, की तिला निवृत्त केले जाई. १९८१ च्या निकालाने गरोदरपणाची अट रद्द केली, पण चार वर्षांची लग्नबंदी कायम ठेवली. त्यासाठी दिलेल्या कारणांत कुटुंबनियोजनही होते. स्त्रीने लग्न कधी करावे यात तिच्या मालकाला मत असू शकते, हे देशातील सर्वोच्च न्यायपीठाने मान्य करावे, ही मला या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक बाब वाटते.

बँकांत बढती बदलीशी बांधलेली होती. कागदावर समान असलेली ही अट घर सांभाळणारे दुसरे कोणी आहे असे धरून चालते, आणि म्हणून ती पुरुषाला जितकी सोपी गेली तितकी स्त्रीला गेली नाही. तर्जनी वकील १९९३ मध्ये एक्झिम बँकेच्या, म्हणजे सरकारी निर्यात-आयात बँकेच्या, प्रमुख झाल्या. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या स्टेट बँकेला पहिली महिला अध्यक्ष, अरुंधती भट्टाचार्य, २०१३ मध्ये मिळाली. त्यांच्या कार्यकाळात बँकेने महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या व वडीलधाऱ्यांच्या देखभालीसाठी दोन वर्षांपर्यंतची रजा खुली केली. पाऊल मोलाचे होते, तरी देखभाल करणारी व्यक्ती स्त्रीच, हे गृहीत तसेच राहिले.

२०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांच्या संचालक मंडळात किमान एक स्त्री सक्तीची केली. पण मंडळातील खुर्ची म्हणजे रोजचा कारभार नव्हे. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यातील दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, तिच्या वेतनाचा भार पूर्णपणे मालकावर राहिला, आणि खासगी क्षेत्रातील वडिलांसाठी त्या कायद्यात एका दिवसाचीही तरतूद झाली नाही.