टेबलाबाहेरचा वस्ताद

सांगलीत 'पूल' म्हटलं की आधी आयर्विन पूल डोळ्यासमोर येतो, आणि पावसाळ्यात तर त्याच्या खांबावर किती फूट पाणी चढलं तेवढंच लोक विचारतात. इथे विषय दुसऱ्या पूलचा आहे, कापड लावलेल्या सहा भोकांच्या टेबलाचा. सांगली-मिरजेत, सातारा-कराडात तासावर भाडं देऊन खेळणारी पोरं रात्री उशिरा मोबाइलवर मोस्कोनी कप या पूलच्या संघस्पर्धेचे सामने बघतात आणि एक प्रश्न हमखास विचारतात. खेळणारे पाचच, मग त्यांच्याच रंगाचा शर्ट घालून खुर्चीत बसलेला तो सहावा माणूस कोण? तो शॉट मारत नाही, फाऊल देत नाही, तरी हरल्यावर शिव्या त्यालाच का?

तिथला खेळ नाइन बॉल, म्हणजे एक ते नऊ नंबरचे चेंडू आणि नऊ घालेल त्याचा डाव. तो कसा खेळतात हे याहून सांगत बसत नाही, ज्याला हा प्रश्न पडतो त्याला तेवढं माहीत असतंच. या सहाव्या माणसाची खुर्ची आली कुठून, एवढंच बघायचं आहे.

खेळाचं नावच पैशांतून आलंय. सगळ्यांनी एकत्र टाकलेली पैज म्हणजे 'पूल', आणि घोड्यांवर असल्या एकत्रित पैजा घेणाऱ्या अमेरिकेतल्या अड्ड्यांना 'पूलरूम' म्हणत. दोन शर्यतींच्या मधे गिऱ्हाईक उठून जाऊ नये म्हणून तिथे टेबलं मांडली, आणि हळूहळू टेबलावरच्या खेळालाच ते नाव चिकटलं. अशा ठिकाणी प्रशिक्षक कशाला असेल? एकटा माणूस, त्याची क्यू म्हणजे खेळायची काठी, खिशातले पैसे आणि समोर दुसरा एकटा माणूस. विली मोस्कोनी याच परंपरेतला, फक्त सूट-टाय घालून खेळणारा. १९४१ ते १९५७ या काळात तो पंधरा वेळा जागतिक विजेता झाला, आणि १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये त्याने प्रदर्शनी सामन्यात न चुकता सलग ५२६ चेंडू घातले. १९९३ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी लंडनजवळच्या रॉमफर्डमध्ये, टीव्हीवर दाखवायला म्हणून, त्याच्या नावाने अमेरिका विरुद्ध युरोप अशी स्पर्धा सुरू झाली. आयुष्यभर एकट्याने खेळलेल्या माणसाचं नाव संघाच्या स्पर्धेला, ही गंमतच.

या संघांना 'राष्ट्रीय संघ' म्हणावं तर तो शब्दही इथे अर्धाच खरा आहे. एका बाजूला देश, दुसऱ्या बाजूला खंड. पण बाहीवर झेंडा आला की आरडाओरडा देशासारखाच होतो.

आता त्या खुर्चीकडे. अधिकृत नाव 'न खेळणारा कर्णधार'. हा शब्द गोल्फमधून उचललेला आहे, कारण मोस्कोनी कपचा सगळा साचाच रायडर कपवरून घेतलाय. तिथेही एके काळी कर्णधार स्वतः खेळायचा, १९६३ नंतर मात्र रायडर कपमध्ये खेळणारा कर्णधार झालेला नाही. आपल्याला हा प्रकार टेनिसच्या डेव्हिस कपमुळे माहीत आहे. बाजू बदलताना खेळाडू खुर्चीत बसतो, कर्णधार त्याच्या कानात काहीतरी सांगतो. पण क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला 'कर्णधार' म्हटलं की क्षेत्ररक्षण लावणारा, स्वतः बॅट घेऊन उतरणारा माणूस दिसतो, आणि 'प्रशिक्षक' म्हटलं की नेटमध्ये कोपर वर घ्यायला सांगणारा. पूलमधला हा माणूस दोन्हींत बसत नाही. सामना सुरू असताना त्याला जवळपास काहीच करता येत नाही. ३० सेकंदांचं घड्याळ चालू असतं. मधे जाऊन बोलायचं तर टाइम-आउट घ्यावा लागतो, आणि तो मोजूनमापून मिळतो. स्ट्रोक शिकवायचा तर प्रश्नच नाही, समोरचा खेळाडू बहुधा त्याच्यापेक्षा चांगला खेळत असतो.

माझ्या मते आपल्याकडचा नेमका शब्द वस्ताद. गोळेश्वरच्या खाशाबांच्या मुलखात त्याचा अर्थ सांगायला नको. वस्ताद मैदानात उतरत नाही. त्याचं काम आधी झालेलं असतं: कोणाची कुस्ती कोणाशी नेमायची, कोणाला यंदा थांबवायचं, कोणाचा दम किती मिनिटांनी सुटतो. फरक एवढाच की आपला वस्ताद आखाड्याच्या कडेला बसून "पट काढ, पट काढ" म्हणून ओरडू शकतो. पूलमधल्या वस्तादाला गप्प बसावं लागतं. आणि जत्रेत कुस्ती चारचौघांत नेमली जाते, इथे दोन्ही बाजू समोरच्याची यादी न पाहता आपली यादी देतात. उद्या पहिल्या एकेरीत कोण, दुहेरीत कोणाबरोबर कोण, हे रात्रीच ठरवायचं. तुमचा हुकमी एक्का त्यांच्या सगळ्यांत कच्च्या गड्यावर पडला तर तो वाया गेला, त्यांच्या एक्क्यावर पडला तर नशिबाचा खेळ. त्यातच काही वर्षी एखादा एकेरी सामना प्रेक्षकांच्या मतांवर ठरायचा, म्हणजे तेवढा डाव वस्तादाच्या हातातूनही गेलेला. संघनिवडीचंही तसंच. काही जागा रँकिंगने भरतात, उरलेल्या कर्णधाराच्या पसंतीने. त्या पसंतीच्या एका-दोन जागांवरून जेवढी भांडणं झाली तेवढी चुकलेल्या नऊ नंबरवरून झाली नसतील.

सुरुवातीच्या वर्षांत या खुर्चीला मान होता, काम फारसं नव्हतं. युरोपच्या संघात तेव्हा स्नूकरमधले नावाजलेले खेळाडूही असत, टीव्हीवर चेहरा ओळखीचा हवा म्हणून. २००२ मध्ये युरोपला विजयाचा शेवटचा गुण मिळवून दिला तोही सहा वेळचा स्नूकर विश्वविजेता. पण तो अपवाद. १९९४ ते २००५ या बारा वर्षांत अमेरिकेने दहा वेळा कप नेला, युरोपने दोनदा. पुढच्या बारा वर्षांत, २००६ ते २०१७, आकडे जवळजवळ उलटले: युरोप दहा, अमेरिका एक, आणि २००६ ची १२-१२ अशी बरोबरी.

मधे काय बदललं? बरंच काही. जर्मनी, नेदरलँड्ससारख्या देशांत क्लबांची साखळी होती, दरवर्षी युवा अजिंक्यपद व्हायचं, पंधरा-सोळा वर्षांची पोरं झेंड्याखाली खेळायला सरावलेली होती. अमेरिकेत तोवर जुन्या टूर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिका, आटल्या होत्या, आणि २००६ च्या सुमाराला अफाट बक्षिसांची घोषणा करणारी एक टूर खेळाडूंचे पैसे थकवून कोसळली. चांगला खेळाडू पोटापाण्यासाठी पैशांच्या खाजगी सामन्यांकडे वळायचा, आणि तिथे शेजारचा अमेरिकन हा जोडीदार नसून गिऱ्हाईक असतो. हे सगळं खरं. तरीही मी त्या खुर्चीला जास्त गुण देतो, कारण २००६ मध्ये युरोपच्या खुर्चीत एक डच प्रशिक्षक आला. तो ज्या वर्षी त्या खुर्चीत होता त्या एकाही वर्षी युरोप हरला नाही. ती बरोबरी हाच त्याचा सगळ्यांत वाईट निकाल. २००९ मध्ये अमेरिका जिंकली तेव्हा खुर्चीत तो नव्हता. यावरून सिद्ध काहीच होत नाही हे मलाही कळतं.

त्याने आणलं काय, तर तालीम. स्पर्धेआधी एकत्र शिबिर, एकत्र जेवण, आणि दुहेरीच्या जोड्यांचा वेगळा सराव. यातला दुहेरीचा भाग आपल्याकडच्या पोरांना सगळ्यांत कमी कळतो. आळीपाळीने एकेक शॉट मारायच्या दुहेरीत चेंडू घालणं सोपं, मारायचा पांढरा चेंडू कुठे थांबवायचा ते अवघड, कारण पुढचा शॉट तुमचा नसतो. तुमचा जोडीदार बुटका असेल, डावखुरा असेल, त्याला लांबचा ड्रॉ (पांढरा मागे ओढून आणणारा शॉट) आवडत नसेल, तर तुमची रोजची पोझिशन त्याच्या उपयोगाची नाही. ब्रेकनंतर, म्हणजे डाव फोडणाऱ्या पहिल्या शॉटनंतर, पुश-आउट (पांढरा नुसता सोयीच्या जागी ढकलणं) करायचा की नाही, हे कोण ठरवणार? घड्याळ चालू असताना दोघं चर्चा करत बसले की ३० सेकंद संपतात. त्याचं उत्तर आधीच ठरलेलं लागतं: टेबलावर जो उभा, त्याचा शब्द शेवटचा, आणि दुसऱ्याने नंतर तोंड वाकडं करायचं नाही.

विश्रामबागेतल्या एका पार्लरमध्ये हे मी समोर घडताना पाहिलंय. रविवारची दुहेरी, एक पन्नाशीचे अण्णा आणि एक डावखुरा कॉलेजचा पोरगा. अण्णा स्नूकरवर वाढलेले, हात सुरेख. त्यांनी सात नंबर मधल्या पॉकेटात असा घातला की आसपासचे दोघं क्यू खाली ठेवून बघत राहिले. पांढरा मात्र लांबच्या कडेला जाऊन चिकटला, आणि चिकटला तोही नेमका डाव्या हाताने पोचणार नाही अशा बाजूला. पोरगा टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "अण्णा, हितनं कसं मारू मी? रेस्टची काठी घेतली तरी पोचत न्हाई." अण्णांनी खडू टोकाला घासत म्हटलं, "माझ्या हातानं तर सोपा हुता की रं." आठ नंबर राहिला, सामनाही गेला. अण्णांच्या खेळात खोट काढायला जागा नव्हती, ते फक्त एकट्याने खेळत होते.

अमेरिकेचं दुखणं नेमकं हेच होतं. २०१३ मध्ये लास व्हेगासला, स्वतःच्या घरी, ते ११-२ असे हरले. मग त्यांनी एका विद्यापीठात पूल शिकवणाऱ्या प्रशिक्षकाकडे संघ दिला. शिस्त, वागणूक, लांब पल्ल्याची तयारी असा त्याचा भर. कल्पना वाईट नव्हती. निकाल आले ते ५-११, ७-११ आणि ३-११. आणि मग २०१७ साठी तो निर्णय झाला, ज्यावरून आजही वाद घालणारे सापडतात: त्यांनी त्या डच माणसालाच बोलावलं. ज्याने आपल्याला वर्षानुवर्षं चितपट केलं त्यालाच आपल्या तालमीची किल्ली द्यायची.

हे आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर एका तालमीचा वस्ताद उठून समोरच्या तालमीत गेला. कुस्तीत म्हणतात की वस्ताद एक डाव राखून ठेवतो, तो पठ्ठ्यालाही शिकवत नाही. युरोपमधल्या काहींची तक्रार अशी की राखून ठेवलेला डाव आता शत्रूला मिळाला. अमेरिकेतल्या काहींची तक्रार उलटी: झेंडा आमचा, आणि खुर्चीत परका? देशात शिकवणारे संपले का? दुसऱ्या तक्रारीत मला तथ्य वाटतं, पण तीन पराभवांनंतर ती करायला तोंड राहिलेलं नव्हतं. पहिल्या तक्रारीत अर्थ कमी. पूलमध्ये गुप्त डाव फारसे नसतातच. ब्रेक सगळ्यांना टीव्हीवर दिसतो, सुरुवातीची चेंडूंची मांडणी साच्यात लावतात, चेंडू तेच नऊ. त्याने सोबत नेली ती गोष्ट चोरण्यासारखी नव्हती: पाच एकटे गडी एका बाकावर बसवायची रीत.

पहिल्या वर्षी तीही चालली नाही. २०१७ मध्ये ४-११. टीकाकारांना तेवढं पुरलं. पण त्याला काढलं नाही, आणि २०१८ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये, युरोपच्या प्रेक्षकांच्या गोंगाटात, अमेरिकेने ११-९ असा कप नेला. सलग आठ पराभवांनंतरचा तो विजय. २०१९ मध्ये लास व्हेगासला पुन्हा ११-८. त्यानंतर खुर्ची त्याच्या अमेरिकन सहायकाकडे गेली. २०२० ला साथीमुळे रिकाम्या सभागृहात ३-११, आणि २०२४ पर्यंत दरवर्षी युरोपच. ज्यांना परका नको होता ते म्हणतात, बघा, पाया घातलाच नव्हता. ज्यांना हवा होता ते म्हणतात, बघा, गेला आणि संपलं. एकाच आकड्यांवर दोघंही छातीठोकपणे बोलतात.

आपल्याकडे हा वाद कशाला, तर भारतीय क्यू-खेळाची सगळी घडण एकट्याची आहे. स्नूकर १८७५ मध्ये जबलपूरला जन्मलं असं सांगतात. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेते झाले, १९६४ मध्ये पुन्हा, आणि १९९६ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. म्हणजे शिकवणाऱ्याची कदर झाली नाही असं नाही. पण ती बारा फुटी टेबलाची, एका गुरूची आणि एका शिष्याची परंपरा. पूल त्यात धाकट्या भावासारखा मागून आला. १९९८ ते २०१० या काळात आशियाई स्पर्धांत क्यू-खेळ होते, तिथेही आपलं लक्ष बिलियर्ड्सच्या सुवर्णाकडे. देशांच्या जोड्यांची पूलची विश्वचषक स्पर्धा २००६ मध्ये वेल्समधल्या न्यूपोर्टला सुरू झाली, फिलिपिन्सने ती पहिल्याच वर्षी जिंकली. भारताची जोडीही त्यात उतरली आहे. दोन चांगले खेळाडू निवडायचे आणि पाठवायचे, हीच आपली रीत. अण्णा आणि तो डावखुरा पोरगा यांचीही निवड तशीच झाली होती.

२०२४ मध्ये मनिलात आशिया विरुद्ध युरोप असा नवा कप सुरू झाला. आशियाच्या संघात भारतीय कोणी नव्हता. न खेळणारा कर्णधार म्हणून आशियाने फिलिपिन्सचा दंतकथा झालेला खेळाडू एफ्रेन रेयेस बसवला, ज्याच्या नावाचाच तो कप आहे. पार्लरमधल्या पोरांनी यावरून दोन तट पाडले. एक म्हणतो, असला माणूस नुसता बसला तरी समोरच्याचा हात थरथरतो. दुसरा विचारतो, पण मग यादी कोण करतं? अण्णा तोवर पैसे द्यायला काउंटरवर गेले होते. परत येऊन त्यांनी डावखुऱ्याला विचारलं, "पुढच्या रविवारी ब्रेक कोण मारणार, आत्ताच सांग."