आत्मा आधी की शरीर? बिशप सिनेसिअसच्या पत्रामागचा इतिहास

साधारण 410 साली आजच्या लिबियात असलेल्या प्टोलेमाइस शहराच्या लोकांनी सिनेसिअसला बिशप करायचं ठरवलं. हा अलेक्झांड्रियातल्या तत्त्वज्ञ हायपेशियाचा शिष्य, पक्का प्लेटोवाला आणि शिकारीचा भारी नाद असलेला माणूस. त्याने भावाला लांबलचक पत्र लिहिलं आणि त्यात स्पष्ट सांगून टाकलं की बायकोला सोडणार नाही, तिला चोरून भेटत राहणार नाही, मला तिच्यापासून भरपूर मुलं हवीत. लाडक्या कुत्र्यांना घेऊन शिकारीला जाणं बंद होणार, धनुष्यांना कीड लागणार याचं दुःखही लिहिलंय. पण खरा मुद्दा वेगळाच, चर्चमधल्या प्रचलित मतांशी न पटण्याचा: आत्मा शरीरानंतर निर्माण होतो हे मला पटत नाही, हे जग पूर्णपणे नष्ट होईल हे मी मान्य करणार नाही, आणि मेलेल्यांचं पुनरुत्थान लोक मानतात तसं मी मानत नाही, ते एक पवित्र गूढ आहे. हे सगळं अलेक्झांड्रियाच्या बिशप थिओफिलसपर्यंत पोचावं अशीच त्याची इच्छा होती. आणि ज्या थिओफिलसने 400 साली ओरिजेन या जुन्या ख्रिस्ती विचारवंताच्या अशाच मतांविरुद्ध मोहीम उघडली होती त्यानेच याला बिशप केलं!

यामागे दोन धागे आहेत. एक प्लेटोचा. त्याच्या ‘टिमायस’ या संवादात देव जग घडवतो खरा, पण नंतरच्या बऱ्याच प्लेटोवाद्यांनी त्याचा अर्थ लावला की जगाला सुरुवात अशी नाहीच, ते कायमच देवावर अवलंबून आहे.

दुसरा ओरिजेनचा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. तिसऱ्या शतकात त्याच्यापुढे प्रश्न होता की एक जण आंधळा जन्मतो, एक श्रीमंताघरी, मग देव न्यायी कसा? काही पंथ म्हणायचे माणसांचे स्वभावच मुळात वेगवेगळे. ओरिजेनला ते अजिबात मान्य नव्हतं, त्याने मांडलं की सगळे आत्मे आधी देवाजवळ सारखेच होते, आपापल्या इच्छेने दूर गेले आणि त्यानुसार शरीर नि परिस्थिती मिळाली. आपल्याला लगेच कर्मसिद्धांत आठवतो, पण त्याला माणसाने प्राण्याच्या जन्माला जाणं मान्य नव्हतं. आणि देव कधीच रिकामा बसलेला नसणार, म्हणून या जगाआधीही जगं होती आणि पुढेही होतील, असंही त्याने म्हटलंय.

उलट बाजूचा सगळ्यात जबरदस्त युक्तिवाद 529 साली आला, तोही अलेक्झांड्रियातूनच. जॉन फिलोपोनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने, जगाला सुरुवात नाही म्हणणाऱ्या प्लेटोवादी प्रोक्लसच्या विरोधात लिहिलं की जगाला सुरुवात नसेल तर आजपर्यंत अनंत वर्षं होऊन गेली आणि दरवर्षी त्यात एक वाढतं, मग अनंतापेक्षा मोठं काय? पुढे त्याने ग्रहांचा दाखला दिला, शनीच्या फेऱ्या अनंत, तर तेवढ्याच काळात सूर्याच्या त्याच्या तीसपट. हा युक्तिवाद नंतर अरबी विचारवंतांनीही उचलला.

543 मध्ये सम्राट जस्टिनियनने फर्मान काढून ओरिजेनची मतं धिक्कारली, आत्म्याच्या पूर्वअस्तित्वाचा मुद्दा त्यात होताच. ओरिजेनच्या मुख्य ग्रंथाचं मूळ ग्रीक बहुतांश हरवलंय, आज आपण प्रामुख्याने रुफिनसचं लॅटिन भाषांतर वाचतो, आणि काही अवघड जागा आपण गाळल्या किंवा सुधारल्या हे रुफिनसने स्वतःच प्रस्तावनेत लिहून ठेवलंय, त्यामुळे ओरिजेन नक्की किती पुढे गेला होता यावर अभ्यासक अजून भांडताहेत.