मैदानाला बैल नेण्याआधी: परवानगी, तंदुरुस्ती दाखला आणि तीन फेऱ्यांचं गणित

दिवाळी झाली की सातारा-सांगलीत मैदानांचे, म्हणजे बैलगाडा शर्यतींचे, बॅनर लागतात. मार्गशीर्षात पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असते आणि चैत्रात तर गावोगावच्या यात्रा एकाच आठवड्यात येतात. बैल पळाला नाही म्हणून गाडी परत आली, तर मालक ते समजून घेतो. दाखल्यावरची तारीख चुकली म्हणून गाडी नोंदवलीच गेली नाही, की वर्षभराचा खुराक आणि मेहनत वाया जाते. म्हणून कागदांचा हिशोब मैदानाच्या दिवसापासून उलटा मोजत यायचा.

पहिली गोष्ट परवानगी. ती आयोजकाने काढायची असली, तरी मालकाने ती बघितल्याशिवाय प्रवेश फी भरू नये. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या. राज्याने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून नियम केले, 16 डिसेंबर 2021 ला न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला. त्यामुळे आजची शर्यत कायदेशीर आहे ती या नियमांच्या चौकटीतच. आयोजक जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करतो. सोबत ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि सुरक्षा ठेव किंवा बँक हमी लागते. धावपट्टी 1000 मीटरपेक्षा लांब चालत नाही. तीव्र उताराची, खडकाळ किंवा चिखलाची जागा आणि रहदारीचा रस्ताही चालत नाही. बॅनरवर ‘शासनमान्य’ लिहिलेलं असतं, त्यावर भागवू नका. आदेशाची प्रत मागा आणि त्यातली तारीख, गाव आणि जागा वाचा. पावसाने मैदान पुढे गेलं, तर जुन्या तारखेच्या आदेशावर पुढच्या रविवारी गाड्या पळवता येत नाहीत.

दुसरी गोष्ट तंदुरुस्ती दाखला, आणि सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. नोंदणीकृत पशुवैद्यकाने बैल तपासून दिलेला दाखला शर्यतीच्या आधीच्या 48 तासांतला लागतो. रविवारी सकाळी 8 ला मैदान सुरू होणार असेल, तर शुक्रवारी सकाळी 8 च्या आधीची तपासणी उपयोगाची नाही. गुरुवारी डॉक्टर गावात आले म्हणून दाखला उरकून घेणारे इथेच फसतात. जोडीतल्या प्रत्येक बैलाचा दाखला वेगळा आणि त्यावर त्याच बैलाचा फोटो हवा. फोटोत तोंड, शिंगं आणि कानातला बिल्ला स्वच्छ दिसू द्या. पांढरे कोसा खिल्लार (खिल्लार बैलांचाच एक प्रकार) फोटोत एकसारखे दिसतात, तिथे 12 अंकी बिल्ल्याचा नंबरच कामाला येतो. बिल्ला पडला असेल, तर आधी दवाखान्यात नवीन मारून घ्या. लसीकरणाची नोंद याच नंबरवर असते आणि 2022 च्या लम्पी या त्वचारोगाच्या साथीपासून ती विचारली जाते. लस मात्र आदल्या आठवड्यात टोचू नका. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि टोचल्यावर ताप आला तर दाखलाही मिळत नाही.

आदतचं, म्हणजे दुधाचे दात न बदललेल्या खोंडांचं, मैदान असेल तर तिसरी परीक्षा दातांची. बैलाला वर पुढचे दात नसतात, खालीच आठ असतात. खालचा ओठ अंगठ्याने दाबून खाली ओढला की मधली जोडी दिसते. दुधाचे दात अरुंद, पांढरे आणि छोटे, तर पक्का दात रुंद आणि फावड्यासारखा. साधारण दोन-अडीच वर्षांला पहिली जोडी बदलते. खरी अडचण मधल्या अवस्थेत येते. दुधाचा दात पडलाय, हिरडीतून पक्क्याची कड नुकती दिसतेय; एक पंच आदत म्हणतो, दुसरा दुसा (दोन पक्के दात आलेला) म्हणतो. अशा खोंडाची नोंद करण्याआधी आयोजकाचा नियम फोनवर विचारा आणि प्रवेश फी भरण्याआधी त्यांच्याच पंचाला दात दाखवा.

आता फेऱ्या. एका बैलाला दिवसात तीनच शर्यती आणि पळण्याआधी किमान 20 मिनिटं विश्रांती, असा नियम आहे. गट, सेमी, फायनल यातच तिन्ही संपतात. एकच बैल दोन जोड्यांत नोंदवला किंवा निकाल बरोबरीत लागून गट पुन्हा सोडला, की फायनलला पोचेपर्यंत तीन भरलेल्या असतात. अशी नोंदणी बैलाच्या जिवावर बेतते, ती करूच नका.

वेळेचा हिशोबही घाला. 210 गाड्या आणि 7 तास (एका वेळी गाड्या पळायच्या शेजारशेजारच्या पट्ट्या) असतील, तर 30 गट होतात. पळ मिनिटाच्या आत उरकतो, पण गाड्या तासात लावून झेंडा पडेपर्यंत दहा मिनिटं सहज जातात. म्हणजे नुसते गटच पाच तास चालतात. पहिल्या गटातला बैल पाच तास सावलीत, आणि तिसाव्या गटातला तोंडाला फेस असताना लगेच पहिल्या सेमीला. म्हणून लॉट काढतानाच सांगून ठेवा की शेवटच्या गटांतल्या गाड्या शेवटच्या सेमीत घ्या आणि फायनलआधी 20 मिनिटं घड्याळ लावून सोडा. एवढं सांगायचा मालकाला हक्क आहे.

गाडीवर एकच चालक. काठी, चाबूक, बॅटरीचा शॉक, शेपूट पिरगाळणं सगळं बंद. बैलाशेजारी घोडाही जुंपायचा नाही. क्रूरतेला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मैदानाचं चित्रीकरण होऊन प्रशासनाकडे जातं, तेव्हा नवीन पोरगा गाडीवर बसवताना हे त्याला आधी समजावून सांगा.

वाहतुकीला प्रवासयोग्यतेचा वेगळा दाखला ठेवा. शर्यतीचा दाखला त्याची जागा घेत नाही. ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त जनावरं नकोत, दुसरा माल नको, सोबत एक माणूस आणि प्रथमोपचाराची पेटी हवी. बैलाचं तोंड इंजिनाकडे ठेवा आणि खाली भुसा किंवा पेंढा जाड टाका. पत्र्यावर पाय घसरून खूर दुखावला, तर मैदानावरचा डॉक्टर लंगडणारा बैल उभा करू देणार नाही, मग हातात कितीही ताजा दाखला असो.