स्टोनार : खाडीकाठचं बुडालेलं गाव

इंग्लंडच्या केंट परगण्यात सँडविच नावाचं जुनं बंदर आहे. (हो, खायच्या सँडविचला नाव मिळालं ते या गावाचा किताब लावणाऱ्या अर्लमुळेच.) तिथून नदी ओलांडली की एक तळं लागतं. दिसायला साधं, खडीसाठी खणखण खणलेल्या खाणीत पाणी साचून झालेलं. मध्ययुगात या जागेवर स्टोनार हे गजबजलेलं गाव होतं.

स्टोनारची गोष्ट खरं तर वॉन्ट्सम खाडीची. आज जमिनीला चिकटलेलं थॅनेट तेव्हा बेट होतं आणि मधल्या खाडीतून जहाजं ये-जा करत. इ.स. 43 मध्ये सम्राट क्लॉडियसचं सैन्य ब्रिटनवर चालून आलं, तेव्हा बहुतेक अभ्यासकांच्या मते ते इथेच, रिचबरोला उतरलं. त्या पहिल्या छावणीचा जमिनीवर मागमूस नव्हता. 1922 नंतरच्या उत्खननांत मातीखाली दोन समांतर खंदक निघाले. गरज संपताच रोमनांनी ते स्वतःच बुजवले होते. पहिल्या शतकाच्या अखेरीस त्याच जागी सुमारे 25 मीटर उंचीची संगमरवरी कमान उभी राहिली. आता तिचा क्रॉसच्या आकाराचा पाया तेवढा दिसतो, कारण पुढे किल्ला बांधताना तिचेच दगड कामी आले. त्या किल्ल्याचे गारगोटीचे तट मात्र काही ठिकाणी अजून 7-8 मीटर उभे आहेत.

रोमन गेले, खाडी राहिली. तिच्या तोंडाशी लाटांनी रचलेल्या गोट्यांच्या बांधावर स्टोनार वसलं. मालकी कँटरबरीच्या सेंट ऑगस्टीन मठाची, आणि समोरच्या सँडविचशी स्पर्धा रोजचीच. पण गोट्यांवर वसलेल्या गावाला समुद्रापासून आडोसा कुठला? 1365-66 च्या सुमारास समुद्र आत शिरला. सावरायला उसंत मिळते न मिळते तोच, 1385 मध्ये फ्रेंचांनी गाव जाळलं. एरवी अशी गावं पुन्हा उभी राहतात. इथे तोवर खाडीत गाळ भरत चालला होता, मग बंदर बांधायचं कोणासाठी? सँडविचचाही व्यापार पुढे याच गाळाने बसला.

सैन्य मात्र परत आलं. पहिल्या महायुद्धात, 1916 पासून, रिचबरोजवळ गुप्त लष्करी बंदर उभारलं गेलं आणि 1918 मध्ये रेल्वेचे डबेच्या डबे बोटींवर चढवून फ्रान्सला जाऊ लागले. स्टोनारच्या वाट्याला तळं आलं; रिचबरोच्या तटावरून आता समुद्र काही किलोमीटर लांब आहे.